तिखाडीचं तेल

पुलगावच्या आमच्या घरात तिखाडीच्या तेलाची शिशी कायम असायची. आबाजींचे गुडघे आखडले की आजी तिळाच्या तेलात त्याचे थेंब टाकून चोळून द्यायची. गुलाबाच्या जवळचा, पण जरा उग्र असा तो वास मला अजून लख्ख आठवतो.

तिखाडी हे वासाचं गवत. खान्देशात त्यालाच रोशा म्हणतात. 1880च्या खान्देश गॅझेटियरमध्ये तेल काढण्याची रीत बारकाईनं दिली आहे. पावसाळा सरता सरता भिल्लांकडून गवत घ्यायचं, ओढ्याकाठी खड्डा खणून चूल करायची, वर लोखंडी कढई. गवत नि पाणी भरून झाकण कणकेनं लिंपायचं. झाकणातून निघालेली बांबूची नळी वाहत्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवलेल्या दुसऱ्या भांड्यात जाई. वाफ तिथं निवे, तेल पाण्यावर तरंगे. मग हे तेल मुंबईमार्गे पार तुर्कस्तानापर्यंत पोचे आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई.

त्या रीतीत दोषही होता. तळाचं गवत करपलं की तेलाला जळका वास लागे. पण भट्टी गवतापाशी जायची, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आज विदर्भात काही शेतकरी तिखाडी आणि गवती चहा मुद्दाम लावतात. रानडुकरं आणि रोही अशा वासाच्या गवताला सहसा तोंड लावत नाहीत. लखनौच्या सीमॅप संस्थेनं सुधारित वाण दिले. टाक्या स्टीलच्या, वाफ बॉयलरची, त्यामुळे करपणं गेलं. आता गवत मात्र ट्रॉलीत बसून भट्टीकडे जातं आणि तिथं नंबर लागेपर्यंत पडून राहतं. ओल्या गवताचा ढीग दाबून ठेवला की आतून तापतो. हात घातला तर चटका जाणवतो. गवत आंबतं, तेल घटतं, वासाचा गोडवा जातो. शेतकऱ्याची वर्षाची मेहनत अशी एका रात्रीत ढिगात जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

खरं तर हे टाळायला काम थोडंच असतं. तिखाडी फुलावर आल्यावर, दव सुकल्यावर कापावी. जाड काड्यांत तेल जवळजवळ नसतं, ते फुलोऱ्यात आणि पानांत. कापलेलं सावलीत पातळ पसरून दिवसभर सुकू द्यावं. पाणी उडतं, टाकीत जास्त गवत मावतं, सरपण वाचतं. उन्हात टाकलं तर पाण्याबरोबर तेलही उडतं. निघालेल्या तेलातलं पाणी नीट काढून ते काठोकाठ भरलेल्या, उजेड न लागणाऱ्या डब्यात ठेवावं. गवती चहाचं तेल तर हवा लागली की लवकर बिघडतं. उरलेला चोथा वाळवला की बॉयलरलाच सरपण म्हणून लागतो.

आमच्या भागात कोणी भट्टी टाकत असेल तर टाकीच्या आधी गवत सावलीत पसरायच्या शेडचा खर्च धरावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. शेतावर नेता येतील अशा छोट्या भट्ट्याही आता निघाल्या आहेत. दोन-चार गावांनी मिळून एक घेतली आणि जिथं विहिरीला पाणी आहे तिथं लावली, तर गवत ट्रॉलीत घालून दूर न्यावंच लागणार नाही.