रानातील ठेव

आदिलाबादचे सागवान ज्यास ठाऊक नाही असा सुतार पैनगंगेच्या काठी सापडणे कठीण. नदी ओलांडून उटनूरच्या बाजूस जाण्याचा योग येतो, तेव्हा साग, ऐन, धावडा, तेंदू व मोह यांची दाटी पाहून मला लाकडाच्या किमतीहून निराळ्याच एका ठेवीचा विचार सुचतो.

ही ठेव कर्बाची. झाडाचे पान हवेतील कर्बवायू घेते, सूर्यप्रकाशाच्या बळावर त्याचे अन्न करते आणि त्या अन्नातून खोड व मुळे घडतात. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग कर्बच असतो. तथापि सारे धन खोडातच नाही. गळलेली पाने व मेलेली मुळे कुजून मातीत मिसळतात. माती परीक्षणाच्या कागदावर आपण ‘सेंद्रिय कर्ब’ म्हणून वाचतो तो हाच. जगातील मातीत जेवढा कर्ब आहे, तेवढा हवा आणि वनस्पती या दोहोंत मिळूनही नाही. म्हणून जुने रान तोडून तितकीच रोपे लावली, तरी हिशेब पुरा होत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची ठेव एका पावसाळ्यात भरून निघत नाही.

या रानाचा काही भाग २०१२ सालापासून कवाल व्याघ्र प्रकल्पात आहे. परंतु सरकारी पहारा सर्वत्र पुरत नाही. फाल्गुन-चैत्रात मोह फुलतो, आणि गळलेली फुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविण्याची रीत आहे. या फुलांवर गरिबाच्या घरचे मीठमिरची चालते. त्यास दोष देण्याचा अधिकार मला नाही. मात्र आग पसरली म्हणजे कोवळी रोपे जळतात, मातीचे अन्न जाते व साठलेला कर्ब पुन्हा हवेत मिसळतो. पाचोळा झाडून बाजूस सारला, किंवा झाडाखाली जुने लुगडे अंथरले, तरी फुले मिळतातच. कष्ट थोडे अधिक पडतात, इतकेच.

मोहाचा हा बहर बहुधा आपल्या प्रायश्चित्तकाळातच येतो. राखेच्या बुधवारी आपण मातीचे आहोत याची आठवण म्हणून कपाळी राख घेतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीस आपणा सर्वांचे घर मानले आहे. तेव्हा यंदा एखादा आवडता पदार्थ वर्ज्य करताना रानात आगकाडी न ओढण्याचाही नेम आपल्या कुटुंबांनी धरावा, आणि शेजाऱ्यास तो प्रेमाने सांगावा. परमेश्वराने सोपविलेली ठेव लेकरांच्या हाती अखंड देणे, हेही खचित एक प्रायश्चित्तच होय.