ओटीपी कुणाच्या खिशात

पोर्टल बांधणारे आम्ही एक गोष्ट न तपासताच धरून चालतो: माणूस एक, मोबाइल एक आणि नंबर कायमचा. बोलावण्याचा संदेश, पासवर्ड, ओटीपी, सगळं याच गृहीतावर उभं असतं. बीड जिल्ह्यात ते टिकत नाही. दिवाळी सरली की आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज भागातल्या टोळ्या ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात, त्या उन्हाळ्यातच परततात. घरात एकच फोन असला तर तो बहुधा नवऱ्याकडे नाहीतर पोराकडे. रिचार्ज थकला की सिम बंद पडतं, नवं कार्ड घेतलं की नंबर बदलतो, आणि आधारला मात्र जुनाच जोडलेला राहतो. अशा घराला लॉगिन जमलं नाही तर आपण त्याला अडाणी ठरवून मोकळे होतो. माझ्या मते अपुरी असते ती आपली रचना.

लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत हे उघड दिसलं. 18 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयानं दोन महिन्यांची मुदत दिली. बाईनं पोर्टलवर आधी स्वतःच्या आणि मग पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी टाकायचा होता. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे का हे पाहण्याचा हेतू रास्तच होता. पण दोन ओटीपी म्हणजे दोन चालू नंबर, आणि ओटीपीची वेळ संपायच्या आत दोन्ही माणसं संपर्कात. त्याच दिवसांत मराठवाड्यात अतिवृष्टीनं शेतं पाण्याखाली होती. ओटीपी येत नाही ही तक्रार राज्यभर होती, बनावट संकेतस्थळंही फिरू लागली. ज्यांचे पती आणि वडील दोघंही हयात नाहीत, त्यांनी कुणाचा आधार टाकायचा, याचं उत्तर फॉर्ममध्ये नव्हतं. नोव्हेंबरात मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढली आणि अशा बायकांना कागदपत्रं अंगणवाडी सेविकेकडे देण्याची सोय झाली. ही सोय मला फार मोलाची वाटते, पण ती पहिल्या दिवशीही करता आली असती. विधवा बाई ही काही नोव्हेंबरात सापडलेली नवी बाब नव्हती.

यावर आक्षेप ठरलेला असतो: दार सैल केलं की बोगस माणसं आत येतात, आणि बीडमध्येच याचा पुरावा आहे. 2023 च्या खरिपापासून एक रुपयात पीक विमा सुरू झाला, दुसऱ्याच्या आणि सरकारी जमिनींवर अर्ज भरल्याच्या प्रकरणांत जिल्ह्याचं नाव वारंवार आलं, आणि 2025 मध्ये योजनाच गुंडाळली गेली. आक्षेप गंभीर आहे, तरी तो चुकीच्या जागी बोट ठेवतो. असे अर्ज भरणारी बरीचशी सेवा केंद्रं रीतसर लॉगिन असलेली होती. लॉगिन कितीही कडक असतं तरी त्यांना ते उघडलंच असतं. कमी पडली ती आतली तपासणी: सातबारा कुणाचा, पेरा खरा आहे का. ती ढिली ठेवून शेतकऱ्याच्या ओटीपीवर आणखी कुलपं लावली, तर प्रामाणिक माणूसच बाहेर राहतो. किती कुलपं लावायची हे आत काय आहे त्यावर ठरावं. महावितरणचं बिल 12 अंकी ग्राहक क्रमांकावर लॉगिनशिवाय भरता येतं, कारण दुसऱ्याचं बिल भरून कुणी त्याला लुबाडत नाही. बँक खातं बदलायचं असेल तिथे मात्र दोन पुरावे मागायलाच हवेत.

म्हणून बोलावण्यापासूनच सुरुवात करायला हवी. संदेश मराठीत असावा आणि त्यात लिंकच्या आधी कुणाचा आधार, कुणाचा फोन लागेल आणि नंबर बदलला असेल तर कुठे जायचं, हे असावं. नंबर दुरुस्तीचा वेळ मुदतीत धरलेला असावा. केंद्रचालक किंवा अंगणवाडी सेविका मदत करत असेल तर तिचं लॉगिन वेगळं असावं, म्हणजे अर्ज कुणी भरला याची नोंद राहते आणि बाईला पासवर्ड कुणाच्या हाती द्यावा लागत नाही. सगळ्यात आधी बदलावी ती मात्र दोन ओटीपी एकाच बैठकीत मागण्याची रीत. अविवाहित मुलीचा अर्धा अर्ज जपून ठेवावा, आणि कारखान्यावर गेलेल्या बापाला त्याच्या आधारला जोडलेल्या चालू नंबरावर वेगळा संदेश जावा, म्हणजे रेंज मिळेल त्या दिवशी तो आपला ओटीपी तिथूनच टाकू शकेल.