चूकभूल द्यावी घ्यावी

नामपूरच्या बाजारात दुकानाच्या पावतीवर तळाशी चार अक्षरं असायची. चू. भू. द्या. घ्या. पहिल्यांदा वाचली तेव्हा वाटलं, वा, किती सरळ भाषा! चूक दोघांकडून होते. द्यायची, घ्यायची. पण गावात आमच्या वाट्याला यातलं फक्त 'द्या' आलं.

बाच्या तोंडी माफीचे शब्द किती म्हणून सांगू. पदरात घ्या. पोटात घाला. लेकरू समजा, मायबाप. घरात बा अहिराणी बोलायचा, तिथं यातलं एकही नव्हतं. उंबऱ्याबाहेर पडला की कंबर वाकायची आणि हे शब्द यायचे. वतनाबरोबर मिळालेले शब्द. बाबासाहेबांनी 1928 ला मुंबई कौन्सिलात वतनाचा कायदा बदलायचं बिल आणलं. वतनं 1959 ला गेली. शब्द राहिले.

ही गोष्ट 1983 ची. मी कॉलेजात. धाकटा कांद्याच्या चाळीवर मजुरीला गेलेला. मालकाच्या माठातलं पाणी त्यानं आपल्या हातानं घेतलं. मारलं. कानातून रक्त आलं. रात्री गावातली चार मोठी माणसं आमच्या दारात. जन्मात पहिल्यांदा. म्हणाली, झालं गेलं गंगेला मिळालं. अरे, आमची नदी मोसम. ती गिरणेला मिळते. गंगेचा काय संबंध?

'आमची तक्रार नाही. आम्ही माफ केले आहे.' असा कागद करायचा होता. लिहायला कोण? शिकलेला मीच. बानं अंगठ्याआधी एकच विचारलं, "माफ करी दिधं, पन त्यानी मांगी कव्हय?" कोणी बोललं नाही. मीही नाही. अंगठा उमटला.

मित्रांनो, शब्द नीट बघा. माफी मागणारा खाली असतो, करणारा वर. त्या रात्री कागदावर करणारे आम्ही, आणि हात जोडून उभेही आम्हीच. माफ करायचीसुद्धा सक्ती. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या 'माफ केलं'ला काय किंमत? महाडला 1927 साली डोकी फुटली माणसांची, आणि शुद्ध केलं ते तळ्याचं पाणी. आमच्या दारात तेच झालं.

पुढं 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. त्यातले गुन्हे आपसात मिटवायच्या यादीत नाहीत. तरी रात्री दारात माणसं येतात, कागद येतो. त्या घरातल्या शिकलेल्या पोराला एवढंच सांगा: पेन खिशात ठेव. आधी विचार, मागितली कधी?

विहारात वंदनेत 'खमतु' शब्द येतो. आपल्या क्षमेचाच पाली भाऊ. तिथं माझा आवाज अडतो. बा गेला. धाकट्याला त्या कानानं अजून ऐकू येत नाही. मागच्या वर्षी हिंमत करून त्याच्याजवळ बसलो. म्हणालो, "तो कागद मी लिहिला. चुकलो मी."

तो वळला. "काय म्हणस?"

मी बहिऱ्या बाजूला बसलो होतो. उठलो, दुसऱ्या बाजूला जाऊन बसलो, आणि परत म्हणालो.