वेष्टनावरील बारीक अक्षरें

आपली चूक चारचौघांत सांगणें कोणासहि रुचत नाहीं. परंतु आमच्या चुकीनें दुसऱ्या कोणाचें मूल वांचणार असेल, तर ती सांगणें आम्ही कर्तव्य समजतों.

कांहीं वर्षांपूर्वीं नाताळच्या सुटीआधीं आमच्या वर्गांत लहानसा खाऊचा समारंभ होता. एका मुलास काजू सोसत नाहीं, असें त्याच्या आईनें वर्षारंभींच आम्हांस बजाविलें होतें. आम्हीं आणिलेल्या बिस्किटांच्या पुड्यावर समोर काजूचें चित्र नव्हतें, नांवहि नव्हतें. एवढ्यानें आमचें समाधान झालें. मुलानें अर्धें बिस्कीट खाल्लें असेल, तोंच "सर, घशांत कसेंसेंच होतें," असें तो म्हणाला. पाहतां पाहतां ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, धाप लागली. सुदैवानें रुग्णालय जवळ होतें. डॉक्टरांनीं तत्काळ मांडींत ॲड्रिनलिनची सुई टोंचली आणि मूल वांचलें.

आई आली तेव्हां आम्हांस मान वर करवेना. त्या माउलीनें दोष दिला नाहीं. रिकामा पुडा मागून घेतला व मागील बाजूवर बोट ठेविलें. तेथें मोहरीएवढ्या अक्षरांत पिस्त्याचें नांव होतें. "पण हा तर पिस्ता!" आम्ही म्हणालों. ती म्हणाली, "सर, डॉक्टर सांगतात, हे दोघे चुलतभाऊ आहेत."

तें खरेंच होतें. काजू व पिस्ता हीं झाडें एकाच कुळांतलीं. त्यांच्या बियांतील प्रथिनांची घडण इतकी सारखी कीं, एकास शत्रु मानणारें शरीर बहुधा दुसऱ्यावरहि तुटून पडतें. ज्यास गाईचें दूध बाधतें, त्यास बकरीचेंहि बहुधा बाधतें. ज्यास कोळंबी वर्ज्य, त्यानें खेकड्यापासूनहि जपावें. उलट, भुईमूग तूर-हरभऱ्याच्या शेंगवर्गांतला असूनहि तो न सोसणारीं पुष्कळ मुलें वरणभात सुखानें जेवतात. म्हणून नात्याचा तर्क घरीं करूं नये, डॉक्टरांस विचारावें.

इ. स. २०२० च्या भारतीय नियमांनीं ग्लुटेनयुक्त धान्यें, कोळंबी-खेकड्यांसारखे जलचर, दूध, अंडीं, मासे, भुईमूग, काजू-बदामांसारखीं फळें, सोयाबीन व ठराविक प्रमाणावरील सल्फाइट यांचा वेष्टनावर निराळा निर्देश आवश्यक ठरविला. त्या यादींत तीळ व मोहरी नव्हतीं. म्हणून घटकांची संपूर्ण यादी वाचावी. तींत 'केसीन' आढळल्यास तें दुधाचें प्रथिन, हें ओळखावें.

पालकहो, मुलास काय सोसत नाहीं तें शिक्षकांस लिहून द्यावें. मुलांनो, "एका घासानें काय होतें?" असें म्हणून सोबत्यास आग्रह करूं नका. काय होतें, तें आम्हीं पाहिलें आहे.

त्या दिवसानंतर तो मुलगा कोणताहि पुडा फोडण्यापूर्वीं आमच्या हातीं देई व म्हणे, "सर, आपणच वाचा." एवढें होऊनहि त्याचा आमच्यावर विश्वास होता. आम्ही चष्मा पुसून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचीत असूं.