ओले दाणे वर ठेवा

आमच्या घरात फर्निचर म्हणावं असं फारसं काही नव्हतं. एक लोखंडी खाट, पत्र्याची पेटी, भिंतीतले दोन कोनाडे आणि अब्बूंनी स्वतः बनवलेलं रिहल. कुराण वाचताना ठेवायची ती लाकडी घडी. एकाच फळीतून ती कापतात आणि मधली बिजागरीही त्याच लाकडात कोरतात. खिळा नाही, स्क्रू नाही, फेव्हिकॉल नाही. उघडलं की उभं राहतं, मिटलं की पुन्हा फळी. अब्बू साताऱ्यात सुतारकाम करायचे. ‘मिनिमलिझम’ हा शब्द मला कॉलेजात भेटला, पण ती वस्तू त्याआधीपासून आमच्या कोनाड्यात होती.

आता मी सांगलीत राहतो आणि वेबसाइट बनवतो. मागच्या वर्षी साताऱ्याच्या एका फर्निचरवाल्यांचं काम आलं. कारखाना साताऱ्यात, शोरूम पुण्यात. माल उंची. एका पलंगाच्या किमतीत आमच्या मोहल्ल्यात निकाह आणि वलीमा दोन्ही उरकतील. मालक म्हणाले, “साइट उघडली की माणसाला शांत वाटलं पाहिजे. पांढरं, मोकळं ठेवा. सेलचे लाल पट्टे नकोत, उड्या मारणाऱ्या जाहिराती नकोत.”

मला काम आवडलं. एका पानावर एकच वस्तू. दिवसाच्या उजेडात साध्या भिंतीपुढे काढलेला फोटो, नाव, किंमत, लांबी-रुंदी-उंची आणि एक बटण. लोक मोबाइलवर बघतात, म्हणून फोटो हलके केले. मराठी पानासाठी ओळींमधलं अंतर वाढवलं, कारण इंग्रजीच्या मापात बसवलं की आपल्या वेलांट्या आणि उकार कापले जातात. काढून टाकण्यासारखं जे जे दिसलं, ते काढत गेलो.

या कामात मला लोट्याची आठवण यायची. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकी जोडपं, खुर्च्यांसाठी जगभर नावाजलेलं, भारत सरकारच्या बोलावण्यावरून इथे आलं आणि १९५८ साली त्यांनी एक अहवाल दिला. त्यातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. इथे पाहिलेल्या वस्तूंमध्ये त्यांना सर्वांत जास्त भावला तो साधा लोटा. हातात कसा बसतो, कमरेवर कसा टेकतो, पाणी कसं ओततो, याचा त्यांनी बारकाईनं विचार केला. तो कुणा एकानं घडवलेला नाही. पिढ्यान् पिढ्यांच्या हातांनी त्यातलं अनावश्यक ते घालवलं आणि लागतं तेवढं ठेवलं. माझ्या हातून यातला दुसरा भाग राहिला. तो दाखवला एका म्हाताऱ्या कारागिरानं.

फोटोंसाठी कारखान्यात गेलो तेव्हा रंधा मारणारे एक चाचा माझ्याकडे टक लावून बघत होते. अब्बूंचं नाव घेऊन म्हणाले, “उनका बेटा क्या तू?” दोघांनी तरुणपणी एकत्र काम केलं होतं. चहा झाल्यावर त्यांनी मोबाइलवर साइट बघितली. कपाटाच्या पानावर थांबले. मी लिहिलं होतं, ‘सागवानी कपाट’. एवढंच.

चाचांनी कपाट भिंतीपासून पुढे ओढलं. चौकट, पाय, दरवाजे सागवानी होते. पाठीची मोठी फळी आणि खणांचे तळ मात्र सागाचं विनिअर लावलेल्या प्लायचे. यात फसवणूक नाही, हेही त्यांनीच समजावलं. रुंद अख्खी फळी पावसाळ्यात आडवी फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मग सांधे सुटतात किंवा फळी तडकते. प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्यामुळे ते जागचे हलत नाहीत. पाठीला प्लाय हेच बरोबर. “पर लिखा कां है?” चाचांनी विचारलं. तो तपशील मालकांच्या यादीत होता. पान मोकळं दिसावं म्हणून मीच काढला होता.

परतताना एसटीत मला लहानपणी मदरशात ऐकलेली हदीस आठवली. पैगंबर (स.) बाजारातून जाताना धान्याच्या एका ढिगात हात घालतात आणि बोटांना ओल लागते. विचारल्यावर व्यापारी सांगतो की पावसानं भिजलं. तेव्हा पैगंबर त्याला म्हणतात, मग ओले दाणे वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते. फसवणारा आमच्यातला नाही, असंही बजावतात. माझं पांढरं, मोकळं पान म्हणजे वर कोरडे दाणे रचलेला ढीग होता.

मी मालकांशी बोललो. ते म्हणाले, “प्लाय शब्द वाचला की गिऱ्हाईक पळतं.” मी हदीस सांगितली नाही. २०२० चे ई-कॉमर्सचे नियम सांगितले. जाहिरात वस्तूच्या प्रत्यक्ष गुणांशी जुळली पाहिजे, ही विक्रेत्याची जबाबदारी त्यात लिहिली आहे. शिवाय परत आलेलं कपाट म्हणजे परत आलेला शर्ट नव्हे. टेम्पो, हमाल, खरचटलेलं पॉलिश, सगळं अंगावर येतं. ते पटलं. आता किमतीच्या लगेच खाली, त्याच आकाराच्या अक्षरांत, कुठे साग आणि कुठे प्लाय ते लिहिलेलं आहे, आणि प्लाय का, तेही एका ओळीत.

मग मी दुसरी गोष्ट मांडली. प्रत्येक वस्तूखाली बनवणाऱ्याचं नाव. आमच्या शेजारच्या मिरजेचं उदाहरण दिलं. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरांतले लोक एकोणिसाव्या शतकात वाद्यं बनवू लागले. आज तिथल्या पाट्यांवर ‘सतारमेकर’ हे आडनावच झालेलं दिसतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. वाद्याबरोबर बनवणाऱ्याचं नाव गेलं म्हणून मालाची किंमत घटली नाही, वाढलीच.

मालक थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “नावं नकोत. का, ते तुम्हाला कळतंय.”

कळत होतं. सहा कारागिरांपैकी चौघांची नावं माझ्यासारखी होती. हा माणूस वाईट नाही. दर शनिवारी पगार चुकवत नाही, जुम्म्याच्या नमाजला तासभर सुट्टी देतो. त्याला द्वेष नव्हता, भीती होती. मी काम सोडलं नाही. मुलीच्या प्रवेशाचे पैसे भरायचे होते.

चाचांना फोनवर सांगताना मला लाज वाटली. ते हसले. “नाम लेको क्या करूं रे? प्लाय का लिखा ना? बस.” त्यांच्या लेखी सचोटीचा प्रश्न तिथे मिटला होता. माझा मिटला नाही. त्यांचं समाधान हे माझ्या गप्प बसण्याला मिळालेली माफी नव्हे.

तेव्हापासून नवं काम घेताना दर सांगायच्या आधी मी विचारतो, बनवणाऱ्याचं नाव टाकणार का? दोघांनी नाही म्हटलं, त्यातलं एक काम मी घेतलं, एक सोडलं. विट्याच्या एका तरुणानं हो म्हटलं. तो लाकडी पाळणे बनवतो. त्याच्या पानावर किमतीखाली दोन नावं आहेत. पहिलं त्याच्या आईचं, ती पाळण्यांना रंग देते.