रुसलेला जावई

"कार्ड म्हणजे? रेशनचं का रे?" आईने विचारले.

आमच्या घरात कार्ड एकच, ते पत्र्याच्या पेटीत तळाशी असते. मी म्हणालो, "ग्राफिक्स कार्ड. संगणकात बसवतात. एक लाख सहा हजारांचं." तव्यावरची भाकरी करपली. वडील बाजार समितीत हमाल आहेत. ते शांतपणे म्हणाले, "एवढ्यात दुभती म्हैस येती. म्हशीचं दात बघत्यात, तीन येळची धार काढून बघत्यात. तू काय बघितलंस?"

मी काय पाहिले होते? आकडे!

मी संध्याकाळी अण्णांच्या फोटो स्टुडिओत काम करतो. हल्ली लग्नाचे चित्रण तीन-तीन कॅमेऱ्यांनी होते. ते जोडून, रंग सुधारून फिल्म तयार व्हायला जुन्या यंत्रावर अख्खी रात्र जाई. अण्णांनी पतसंस्थेचे कर्ज काढले आणि निवड माझ्यावर सोपवली. इतिहास घेऊन बी. ए. करणाऱ्या मुलावर हा भार का? तर तो कॉलेजात जातो म्हणून!

महिनाभर वाचन करून मी एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०८० सुपर हे कार्ड पसंत केले. ते २०२४ च्या जानेवारीत बाजारात आले. त्यात १०,२४० कोअर, १६ जीबी मेमरी आणि ३२० वॉटची भूक. वडिलांना मी समजावले : प्रोसेसर म्हणजे पैलवान, अवघड काम एकटा उरकतो. ग्राफिक्स कार्ड म्हणजे हमालांची टोळी. प्रत्येकाच्या पाठीवर एकच पोते, पण ट्रक बघता बघता रिकामा. फोर-के चित्रणाच्या एका फ्रेममध्ये सुमारे ८३ लाख ठिपके असतात, तिथे टोळीच हवी. वडिलांना हे माझ्या काही प्राध्यापकांपेक्षा (क्षमस्व!) लवकर समजले.

एक गोष्ट मात्र मी वाचूनही मनावर घेतली नाही. चिप एनव्हिडियाची असली, तरी तिला पंखे लावून, खोक्यात घालून विकणाऱ्या कंपन्या बहुधा निराळ्या असतात आणि वॉरंटी त्या देतात. दोन कंपन्यांच्या कार्डांत पाच हजारांचा फरक होता. चिप तीच, मग जास्त का द्या? मी स्वस्त कंपनी निवडली.

कार्ड आले ते जावयाच्या थाटात. हातभर लांब, जुन्या कॅबिनेटमध्ये मावेना, म्हणून नवे घर. त्याच्यासाठी ७५० वॉटचा पॉवर सप्लाय. वजनाने वाकू नये म्हणून खालून टेकू. वीज गेली की स्टुडिओतला लहानगा यूपीएस किंचाळून मान टाकी. पण काम! रात्रभराची फिल्म दीड तासात तयार होऊ लागली. एवढे काम करूनही पंख्यांचा आवाज बेताचा. अण्णांनी पेढे वाटले, आणि एक महिना मी गावात तज्ज्ञ म्हणून वावरलो.

ऐन वैशाखात, सात लग्ने अंगावर असताना, पडदा काळा झाला आणि पंखे भणाणू लागले. जावई रुसला!

कंपनीला ई-मेल लिहायला मला शब्दकोश घेऊन दोन तास लागले. उत्तरात 'डिअर सर' होते. आमच्या घराण्यात 'सर' म्हणवून घेणारा मी पहिलाच; क्षणभर बरे वाटले. पुढे मात्र तेच. बिल पाठवा. पाठवले. नंबर पाठवा. पाठवला. चार दिवसांनी दुसऱ्याच माणसाने पुन्हा बिल मागितले. मग प्रश्न आला : विजेचा प्लग पूर्ण आत बसवला होता का? जोडाचे फोटो पाठवा.

प्लग मी बसवला होता. २०२२ मध्ये ४०९० कार्डांचे असले १६ पिनांचे जोड वितळल्याच्या तक्रारी जगभर गाजल्या, आणि प्लग पुरता न बसणे हे नेहमीचे कारण असल्याचे एनव्हिडियाने सांगितले होते. हे मला ठाऊक होते. तरी त्या दिवशी 'टक्' असा आवाज झाला होता की नाही, हे काही केल्या आठवेना. जोडाच्या एका कोपऱ्यावर तपकिरी छटा दिसत होती. मी चार फोटो काढले. तिघांत ती छटा दिसत नव्हती.

रात्रभर झोप नाही. वॉरंटी गेली तर अण्णांचे लाख रुपये माझ्या बोटांनी बुडवले, असे होणार. सकाळी त्यांना चौथा फोटो दाखवला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "चारही पाठव. हप्ता माझा आहे, तुझा नाही."

पाठवले. आठ दिवस उत्तर नाही. शेवटी कार्ड टॉवेलात गुंडाळून मी एस. टी.ने पुण्याचे सेवाकेंद्र गाठले. काचेपलीकडच्या माणसाने भिंगातून जोड पाहिला, कापसाच्या बोळ्याने पुसला. छटा निघून गेली. "हा मळ आहे. वितळलेलं काही नाही, पिना सरळ आहेत. बिघाड आत आहे. जेवलात का?" सारे मिळून दोन मिनिटे! ई-मेलवर तीन आठवडे गेले होते.

आणखी सोळा दिवसांनी बदली कार्ड आले. कडेला ओरखडा होता, म्हणजे कुणाचे तरी दुरुस्त केलेले. आणि वॉरंटी जुन्या बिलापासूनच धरलेली. तोवर अण्णांनी भाड्याच्या यंत्रावर पाच लग्ने काढली, दोन हातची गेली. त्यांनी मला त्याबद्दल आजवर एक शब्द ऐकवलेला नाही, हेच जड जाते.

कार्डाला मी दहापैकी नऊ गुण देईन. काचेपलीकडच्या माणसालाही नऊ. ई-मेलवाल्यांना एटीकेटी.

आता अण्णांना दुसरे यंत्र घ्यायचे आहे. निवड पुन्हा माझ्याकडेच. काल मी यादीतल्या दोन्ही कंपन्यांच्या ग्राहकसेवेला फोन लावला आणि वडिलांचे घड्याळ समोर ठेवले. एकीकडे सहाव्या मिनिटाला माणूस बोलला. दुसरीकडे वीस मिनिटे नुसते संगीत वाजत होते. वडील बाजूला बसून ऐकत होते.

"काय करतोयस?" त्यांनी विचारले.

"धार काढून बघतोय," मी म्हणालो.