सामान्यज्ञानाचे गाव

'सामान्यज्ञान' हा शब्द मला नेहमीच थोडा फसवा वाटत आला आहे. असामान्य ज्ञान मोजक्या माणसांजवळ असते, हे समजण्यासारखे आहे. पण सामान्य म्हटले की ते गावच्या विहिरीसारखे सर्वांच्या मालकीचे असायला हवे. प्रत्यक्षात या विहिरीचा काठ कोणीतरी आधीच बांधून ठेवलेला असतो, आणि पायऱ्या कोणाच्या अंगणाकडे उतरवायच्या तेही ठरलेले असते. माझ्याजवळ पदवी नाही. मॅट्रिकच्या पुढे जे काही शिकलो ते वाचनालयातली पुस्तके आणि शिळी वर्तमानपत्रे यांच्या आधाराने. ज्याला पदवी नसते त्याला लोक सामान्यज्ञानाच्या तराजूत टाकतात. म्हणून या तराजूची मला जरा जास्त ओळख आहे.

त्यातही खेळांवरच्या प्रश्नांची मोठी मौज असते. रणजी करंडक सर्वांत जास्त वेळा कोणी जिंकला? मुंबईने; २०२४ साली तिचे बेचाळिसावे विजेतेपद झाले. १९११ ची आय.एफ.ए. शील्ड कोणाची? कलकत्त्याच्या मोहन बागानची. १८८८ साली ड्युरँड चषक कोठे सुरू झाला? सिमल्याला. एकेक प्रश्न सुटा पाहिला तर त्यात खोट काढायला जागा नाही. पण असे पन्नास प्रश्न ओळीने लावले की हिंदुस्थानचा एक वेगळाच नकाशा तयार होतो. त्यात दोन-चार शहरे भोपळ्याएवढी फुगलेली दिसतात आणि बाकीचा देश कोऱ्या कागदासारखा पडलेला असतो.

आमचे इन्सुली या कोऱ्या भागात येते. एका अंगाला सावंतवाडी, दुसऱ्या अंगाला बांदे. बांद्याच्या पुढे पत्रादेवी ओलांडली की गोवा लागला. तिकडून येणाऱ्या वाऱ्याबरोबर आमच्याकडे फुटबॉल येतो. भात कापून झालेल्या मळ्यांत मुले संध्याकाळभर चेंडूमागे धावत असतात. धेंपो क्लबने पाच वेळा राष्ट्रीय लीग जिंकली, हे त्यांना पाढ्यासारखे पाठ असते. भारताचे कर्णधारपद भूषवलेले गोव्याचे गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर हे नाव त्यांनी वडिलांच्या तोंडून ऐकलेले असते.

अशाच एका मुलाला घेऊन मी एकदा एका प्रश्नमंजूषेला गेलो होतो. खेळांच्या फेरीत दहा प्रश्न होते. त्यांतले आठ क्रिकेटचे, एक टेनिसचा आणि एक कलकत्त्याच्या फुटबॉलचा. मुलगा दहाही प्रश्नांना गप्प बसून राहिला. परतताना एस.टी.त खिडकीबाहेर पाहत तो एवढेच म्हणाला, "गुरुजी, जा आमका ठावक आसा, ता कोणच इचारणा नाय." त्यात तक्रारीचा सूर नव्हता. उद्या पाऊस पडेल असे सांगावे, तितक्या सहजपणे त्याने ते सांगितले. मला त्या सहजपणाचेच वाईट वाटले. तक्रार करणाऱ्या मुलाला आपल्याजवळ काही आहे याची जाणीव तरी असते. हा मुलगा मात्र आपल्याला जे येते त्याला ज्ञान म्हणत नाहीत, असा निष्कर्ष काढून बसला होता. आणि तो त्याला कोणी शब्दाने शिकवलेला नव्हता, प्रश्नांनी शिकवला होता.

प्रश्न काढणाऱ्याला मी दुष्ट म्हणणार नाही. प्रश्न कागदावर उगवतो. जेथे कागद, तेथे प्रश्न. क्रिकेटच्या मैदानाबाहेर एक गृहस्थ वही घेऊन बसलेला असतो, म्हणून १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यातल्या गावसकरांच्या ७७४ धावा आजही मुलांच्या ओठांवर आहेत. पण वहीतूनही वेचणारा वेचतोच. त्याच मालिकेत मडगावला जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंनी ६४२ धावा केल्या. पहिल्या कसोटीत ५ बाद ७५ अशी अवस्था असताना त्यांनी २१२ धावा काढल्या, आणि त्या कसोटीत गावसकर खेळलेही नव्हते. सरदेसाईंना प्रश्नपत्रिकेत बहुधा जागा मिळत नाही, कारण धावांच्या यादीत ते दुसरे आहेत.

हुतूतूचे तर विचारूच नका. कोणत्या जत्रेत कोणी कोणाची पकड केली, याची नोंद असलीच तर म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांत असते. महाराष्ट्रात हुतूतू, बंगालमध्ये हाडुडू, तामिळनाडूत चेडुगुडू अशी नावे घेत हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या मातीत लोळत होता. पण १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीला पदक लागले आणि मगच तिच्यावर प्रश्न निघू लागले. जणू तिचा जन्मच त्या साली झाला!

खाशाबा जाधवांवर मात्र प्रश्न असतो. स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक कोणी मिळवून दिले? हेलसिंकी, १९५२, कुस्ती, कांस्य. मुले घडाघडा सांगतात. पण कराडजवळच्या गोळेश्वरच्या या पैलवानाला हेलसिंकीला जायला पैसे कोठून आले, असे कोणी विचारत नाही. ते विचारले तर लोकांनी जमवलेली वर्गणी सांगावी लागेल. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून दिलेले सात हजार रुपये सांगावे लागतील. नुसत्या नावाने एक गुण मिळतो. गोळेश्वर, कराड आणि कोल्हापूर मात्र प्रश्नाच्या बाहेरच उभी राहतात.

मग आपण आपलीच प्रश्नपत्रिका काढावी का? सगळे प्रश्न सिंधुदुर्गाचे आणि गोव्याचे? मोह होतो खरा. पण त्याने विहिरीचा काठ तेवढा आपल्या अंगणात येईल. पायऱ्या एकाच बाजूला राहतील. जगभर गाजलेला पोलो मणिपूरच्या सगोल कांगजेई या खेळातून आला. तिथल्या एखाद्या मुलाला आमची शंखवाळकरांची आणि खाशाबांची प्रश्नपत्रिका दिली, तर तोही आमच्या पोरासारखाच खिडकीबाहेर पाहत घरी जाईल.

मला वाटते, प्रश्न मुलाच्या ओटीवरून निघावा आणि त्याने दूर कोठेतरी जाऊन पोचावे. विटीदांडू खेळताना महाराष्ट्रात कितीतरी ठिकाणी 'वकट, लेंड, मुंड, नाल' असे मोजतात. हे शब्द कोणत्या भाषेतले, असे मी एका दुपारी वर्गाला विचारले. शब्द पुष्कळांना येत होते, भाषा कोणालाच सांगता येईना. मी फळ्यावर तेलुगूतले आकडे लिहिले: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. वर्गात एकदम गलबला झाला. आपण आजवर तोंडाने तेलुगू बोलत होतो, याचे त्यांना हसू आवरेना. नकाशा काढून त्यांनी आंध्र आणि तेलंगण शोधले. मधली गावे बोटाने मोजली.

तेवढ्यात एस.टी.त माझ्याशेजारी बसलेला तोच मुलगा उठला आणि म्हणाला, "मगे गुरुजी, ते आकडे हंय इले कशे?"

प्रश्नमंजूषेत दहा वेळा गप्प बसलेले पोर आता स्वतःच प्रश्न काढत होते. मी खडू त्याच्या हातात दिला आणि तो प्रश्न फळ्यावर लिहायला सांगितला.